बर्फाळ घाटातले फिरते घर

युरोपातले हौशी प्रवासी मोटारीतच घर थाटून हिंडतात. मोठ्या व्हॅनच्या सांगाड्यावर पलंग, ओटा, पाण्याची टाकी, न्हाणीघर असे सारे बसवलेले असते. भरल्यावर अशा गाडीचे वस्तुमान सहज ३५०० किलोग्रॅम होते. स्वित्झर्लंडमधली यूलियर खिंड २२८४ मीटर उंचीवर आहे. आल्प्समधल्या पुष्कळ खिंडी हिवाळ्यात बंद होतात. ही मात्र हिम हटवून वर्षभर चालू ठेवतात. अशा रस्त्यावर जानेवारीत हे घर नेले, तर ते चढेल का? आणि चढलेच, तर उतरताना थांबेल का?

‘जड गाडी हिमावर घट्ट बसते’ असे कित्येकांना वाटते. घर्षणबल वजनाच्या प्रमाणात वाढते हे खरे; पण जे थांबवायचे ते वस्तुमानही तितकेच वाढलेले असते. सपाट रस्त्यावर वेगाच्या वर्गाला घर्षणांक व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागले, की थांबण्याचे अंतर मिळते. त्यात वस्तुमान कोठेच नाही!

आता आकडे घालू. वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरला, तर ब्रेक लागल्यावर गाडी सुमारे ७ मीटरांत थांबते. दाबून बसलेल्या हिमावर तो ०.२ धरा, लागतात २५ मीटर. रस्ता १० मीटरांना १ मीटर असा उताराचा असेल, तर ०.२ मधला ०.१ उतारच खातो आणि अंतर ५१ मीटर होते. पुढे काचेसारखा गोठलेला बर्फ आला आणि घर्षणांकच ०.१ झाला, तर बाकी शून्य. ब्रेक कितीही उत्तम असोत, गाडी थांबणार नाही. त्यातही शून्य अंशाजवळचा ओलसर बर्फ कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा अधिक निसरडा असतो.

चढताना आणखी एक अडचण येते. थांबायला चारही चाके मदत करतात. चढायला फक्त इंजिनाने फिरणारी. अशा बऱ्याच गाड्यांत ती पुढची असतात, आणि घराचा बोजा मागे! चढावर भार आणखी मागे जातो. पुढे समजा ४० टक्के भार उरला, तर हिमावर ओढ मिळते वजनाच्या ०.०८ पट. चढाला हवी ०.१ पट. चाके जागच्या जागी गरगरतात. म्हणून साखळ्या इंजिनाने फिरणाऱ्या चाकांनाच बांधतात. त्यांच्या कड्या हिमात रुतून पकड घेतात. रस्त्याकडेला निळ्या वर्तुळात साखळी बांधलेल्या चाकाचे चित्र दिसले, की त्या सक्तीच्या. पण मागचे टायर मोकळेच राहतात, हे विसरून उतारावर जोरात ब्रेक दाबला, तर गाडीचा मागचा भाग घसरून पुढे येऊ पाहतो.

खिंडीपलीकडचे सिल्वाप्लाना गाव सुमारे ४७० मीटर खाली आहे. तेथवर उतरताना गाडी १ कोटी ६० लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा गमावते. एवढ्या उष्णतेने २० अंशांचे ४८ लिटर पाणी उकळीला येईल! ती सारी ब्रेकवर टाकता येत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्यातच तो उतरायचा, हा आपल्या ट्रकचालकांचा नियम तेथेही चालतो. मात्र हिमावर गिअर वळणाआधीच, हलक्या हाताने बदलावा लागतो. एकदम खालचा टाकला, तर ब्रेक दाबल्यासारखीच चाके घसरू लागतात.