देवघेवीच्या खिडकीमागचा वाचक

सार्वजनिक ग्रंथालयात येणाऱ्या माणसांपैकी बहुसंख्य माणसे पुस्तकाचे नाव ठरवून येत नाहीत. वाचून झालेले पुस्तक खिडकीत ठेवतात आणि ‘काहीतरी चांगले द्या’ एवढेच म्हणतात. या तीन शब्दांच्या मागणीला ग्रंथसेवक कोणते उत्तर देतो, यावर त्या गावाच्या वाचनाचे भवितव्य बरेचसे अवलंबून असते. परंतु या उत्तराची तयारी त्याने कोठे करावी, कोणाच्या सोबतीने करावी आणि त्यासाठी लागणारा वेळ त्याला कोणी द्यावा, या प्रश्नांचा विचार क्वचितच होतो. अनुदानाची चर्चा होते, इमारतींची होते, वाचनाची आवड लोप पावत असल्याची तर अखंड चालू असते. मात्र वाचनाच्या व्यवहारात जो माणूस रोज उभा असतो तो स्वतः काय वाचतो, हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

महाराष्ट्राला ग्रंथालयांची परंपरा लहान नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ मधले, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मधले, पुणे नगर वाचन मंदिराचा आरंभ १८४८ मधला. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये स्थापन झाले. यांतील बऱ्याच संस्था लोकांनी वर्गणी काढून उभ्या केल्या. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानेही ही परंपरा मोडली नाही. गावोगावची ग्रंथालये सरकारने आपल्या ताब्यात घेतली नाहीत. लोकांनी चालविलेल्या संस्थांना मान्यता देऊन, त्यांची ‘अ’पासून ‘ड’पर्यंत वर्गवारी करून अनुदान देण्याचा मार्ग स्वीकारला. त्यामुळे ग्रंथालये खेड्यापर्यंत पोहोचली, हे या कायद्याचे श्रेय निःसंशय मोठे आहे. पण त्याच मार्गाने एक विचित्र नोकरवर्गही जन्माला आला. सरकारी नियमांनी बांधलेला, सरकारी तपासणीला उत्तर देणारा, पण सरकारी नोकर नसलेला. ग्रंथसेवकाचे बळ आणि दुबळेपण ही दोन्ही या स्थितीत आहेत.

ग्रंथालय ही केवळ पुस्तकांची सोय नसून माणसाची सोय आहे, हे भारतात प्रथम ओळखले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आणले. राजवाड्यातील आपला ग्रंथसंग्रह सर्वसामान्यांसाठी खुला केला. ज्या गावांत ग्रंथालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके धाडली. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग काढले. या योजनेतील सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट मात्र पेट्या ही नव्हती. बॉर्डनने बडोद्यात पाऊल ठेवल्यावर अल्पावधीतच, १९११ मध्ये, ग्रंथालयात काम करणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. बॉर्डन १९१३ मध्ये परत गेला, पण त्याने तयार केलेली माणसे मागे राहिली आणि म्हणून व्यवस्थाही टिकली. पेटी गावात पोहोचली तरी तिचे झाकण उघडून ‘हे तुमच्यासाठी आहे’ असे सांगणारा कोणीतरी लागतोच.

पुढे मद्रासमध्ये शि. रा. रंगनाथन यांनी या जाणिवेला शास्त्राचे रूप दिले. मूळचे ते गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. त्याच वर्षी मन्नारगुडी येथे बैलगाडीतून आसपासच्या खेड्यांत पुस्तके नेण्याचा प्रयोगही झाला. त्यांच्या सूत्रांपैकी दोन ग्रंथसेवकाने नित्य ध्यानात ठेवावीत अशी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याच्या गरजेचे पुस्तक मिळाले पाहिजे हे एक, आणि कपाटातील प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक भेटला पाहिजे हे दुसरे. वरवर पाहता दोन्ही विधाने एकच वाटतात; व्यवहारात त्यांचे मार्ग निराळे आहेत. पहिल्यासाठी वाचकाची ओळख हवी, दुसऱ्यासाठी पुस्तकाची. वाचकाची ओळख खिडकीत बसून होते. पुस्तकाची ओळख ते वाचल्यावाचून होत नाही. वर्गीकरण आणि सूची ही परीक्षेसाठी शिकता येतात, पण ‘हे वाचून पाहा’ असे आत्मविश्वासाने म्हणता येण्यासाठी वाचनाखेरीज दुसरा अभ्यासक्रम नाही.

मग ग्रंथसेवकाने वाचावे काय? सर्व काही वाचणे कोणालाच शक्य नाही. परंतु त्याच्या वाचनाला एक दिशा देता येईल. आधी त्याने आपल्या व्यवसायाची साधने जाणून घ्यावीत. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील छापील मराठी ग्रंथांची सूची केली, ती १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. १९५० पर्यंतच्या ग्रंथांचा पुढचा भाग १९६१ मध्ये आला. एका माणसाची चिकाटी केवढे काम उभे करू शकते, हे त्या पानांवरून कळते. १९७६ पासून निघू लागलेले मराठी विश्वकोशाचे खंड अनेक ग्रंथालयांत कुलुपात असतात. ते ग्रंथसेवकाच्या हाताशी असावेत.

त्यानंतर येतात ती ज्यांच्यातून वेगवेगळ्या वाचकांकडे वाट जाते अशी पुस्तके. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्या ग्रंथसेवकाने वाचली आहे, त्याला उशिरा अक्षरे शिकलेल्या स्त्रीच्या हाती कोणते पुस्तक द्यावे हा प्रश्न पडणार नाही. कारण लक्ष्मीबाई स्वतः लग्नानंतरच वाचायला शिकल्या होत्या. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ खेड्यात नव्याने नेमणूक झालेल्या शिक्षकाला स्वतःचीच कथा वाटेल. दया पवारांचे ‘बलुतं’ आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ ही पुस्तके ज्या गावाच्या कपाटात आहेत पण वाचली जात नाहीत, त्या गावाने आपल्याच वेशीबाहेर पाहिलेले नाही असे समजावे. १९८१ मध्ये आलेल्या ‘एक होता कार्व्हर’चे उदाहरण तर या व्यवसायाला विशेष जवळचे आहे. वीणा गवाणकर यांनी ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेतले होते आणि ग्रंथपाल म्हणून काम केले होते. परदेशातील एका कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाचे चरित्र त्यांनी मराठी घराघरांत पोहोचविले. स्वतः आवडीने वाचणारा ग्रंथपाल केवढ्या मोठ्या वाचकसमूहाला एका पुस्तकापाशी आणू शकतो, याची याहून बोलकी साक्ष शोधण्याची गरज नाही.

एकट्याचे वाचन मात्र लवकर थकते. खेड्यातील ग्रंथसेवक बहुधा एकटाच असतो. तोच कुलूप उघडतो, तोच केर काढतो, तोच वर्तमानपत्रे लावतो आणि तोच नोंदवह्या लिहितो. त्याच्याशी पुस्तकाबद्दल बोलणारा समव्यवसायी त्याला वर्षातून एखाद्या अधिवेशनात भेटतो, आणि तेथे वेळ जातो तो मागण्यांच्या ठरावांत. त्या मागण्या न्याय्य आहेत यात वाद नाही. पण त्याबरोबरच तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एकदा दहा-बारा ग्रंथसेवकांनी दोन तास एकत्र बसावे, प्रत्येकाने वाचलेल्या एका पुस्तकाबद्दल पाच मिनिटे बोलावे, एवढी साधी प्रथा पडली तरी बरेच काही साधेल. बोलणे विद्वत्तापूर्ण असण्याची गरज नाही. हे पुस्तक कोणाला आवडेल, कोणाला आवडणार नाही, टाइप म्हाताऱ्या डोळ्यांना झेपेल असा आहे काय, हे आवडल्यास पुढचे कोणते द्यावे, या चार प्रश्नांची उत्तरे एका चिठ्ठीवर लिहून ती सर्वांनी उतरून घ्यावी. वर्षअखेर प्रत्येकापाशी शंभराहून अधिक पुस्तकांची अशी टिपणे जमतील. कोणत्याही छापील यादीपेक्षा ती उपयोगी ठरतील, कारण ती त्याच मुलखातील वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतील.

ग्रंथालयाच्या सार्वजनिक उपक्रमांचाही विचार याच सूत्राने व्हावयास हवा. १२ ऑगस्टला रंगनाथन जयंती, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, असे कार्यक्रम आता सर्वत्र होतात. तसबिरीला हार घातला जातो, टेबलावर पुस्तके मांडली जातात, छायाचित्र काढले जाते आणि दुसऱ्या दिवशी ती पुस्तके पुन्हा कपाटात जातात. यात उत्सव आहे, वाचन नाही. उपक्रम पुस्तकातून निघाला पाहिजे आणि पुस्तकापाशी परत आला पाहिजे. धरणग्रस्तांची वसाहत जवळ असेल तर विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’तील प्रकरणे मोठ्याने वाचून त्यावर त्या वसाहतीतील वडीलधाऱ्यांना बोलते करावे. दुपारच्या फावल्या वेळी स्त्रियांच्या सामुदायिक वाचनाला ‘स्मृतिचित्रे’ घ्यावे. स्पर्धा परीक्षांसाठी अभ्यासिकेत दिवसभर बसणारी मुले कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाकडे वळत नाहीत अशी तक्रार असते; पण परीक्षेच्या इतिहासाला जोडून एखादे चरित्र त्यांच्या मेजावर कोणी ठेवून पाहिले आहे काय, हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे.

यावर एक आक्षेप निघेल आणि तो डावलता येणार नाही. तुटपुंज्या वेतनावर राबणाऱ्या माणसाकडून आणखी किती अपेक्षा करावयाची? ‘ड’ वर्गातील ग्रंथालयाचे अनुदान दीर्घकाळ वर्षाला ३०,००० रुपये होते. २०२२ मध्ये झालेल्या ६० टक्के वाढीने ते ४८,००० झाले. त्यातील निम्मी रक्कम वेतनाची धरली तर महिन्याला २,००० रुपये होतात. एवढ्या मोबदल्यात ज्ञानप्रसाराचे व्रत घ्यायला सांगणे हे उपदेशकाला शोभत नाही. वेतनाचा प्रश्न सुटल्यावाचून ग्रंथसेवेत तरुण टिकणार नाहीत आणि आहेत तेही दुसऱ्या उद्योगाच्या शोधात राहतील, हे स्पष्ट आहे.

परंतु याच आक्षेपातून संस्थाचालकांचे कर्तव्यही निघते. वाचन हा ग्रंथसेवकाच्या कामाचा भाग मानून त्याला आठवड्यातून काही तास त्यासाठी मोकळे ठेवणे, तालुक्याच्या बैठकीचा दिवस कामाचा दिवस धरणे आणि तेथवरचे एस.टी.चे भाडे देणे, याला मोठा निधी लागत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुस्तकखरेदीत त्याच्या मताला स्थान देणे. वाचक काय मागतात आणि काय परत करतात हे त्याला ठाऊक असते. पुष्कळदा खरेदी मात्र सवलतीचा टक्का पाहून केली जाते आणि न उघडलेल्या पुस्तकांची रांग वाढत जाते. तपासणीची पद्धतही बदलण्याजोगी आहे. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, वर्तमानपत्रांची संख्या यांबरोबर वर्षभरात कोणती पुस्तके प्रथमच कपाटाबाहेर पडली, हा एक रकाना नोंदवहीत वाढविला तर कामाची दिशा आपोआप पालटेल.

ग्रंथसेवकाचा प्रश्न एका नोकरवर्गाचा म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. पण ज्या गावात पुस्तकांचे दुकान नाही, शाळेचे ग्रंथालय कुलूपबंद आहे आणि घरात पाठ्यपुस्तकांखेरीज छापील पान नाही, तेथील हुशार मुलाच्या आयुष्यात योग्य वेळी योग्य पुस्तक येणे किंवा न येणे हे त्या एका माणसाच्या वाचनावर ठरते. ते पुस्तक बहुधा कपाटात आहेच. त्यावरची धूळ झटकण्यापूर्वी ते कोणीतरी वाचलेले असावे लागते, आणि तेवढा अवकाश त्या माणसाला मिळवून देणे ही त्या गावाची जबाबदारी आहे.