अंग चोळून दिल्यावर बरं का वाटतं?

रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून काम केलं की रात्री कंबर धरते. मग सासू, नणंद किंवा लेक तेल कोमट करून पाठ चोळून देते. दुखणं हलकं होतं. शिवाय श्वास संथ होतो, जांभई येते, पोटात गुडगुडतं आणि डोळा लागतो. चोळली पाठ, मग पोटात का गुडगुडलं? आज आपण हेच समजून घेऊ.

आपलं हृदय, श्वास, आतडी, घाम ही कामं आपल्याला न विचारता चालतात. ती चालवणाऱ्या यंत्रणेला शाळेच्या पुस्तकात स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. तिच्या दोन बाजू आहेत. अनुकंपी ही धावपळीची बाजू आणि परानुकंपी ही विसाव्याची.

सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे मोहफुलं वेचताना झुडपात पाला खसखसला, तर आधी वाघच आठवतो. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, अंग ताठतं. रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि पचन मंदावतं. ही धावपळीची बाजू. जीव वाचवायला ती हवीच. पण धोका टळल्यावर ती शांत व्हायला हवी. कर्जाचा हप्ता, घरातली दारू, रात्री धानात हत्ती येण्याची धास्ती असली की ती लवकर शांत होत नाही. मान-खांदे ताठलेले राहतात, झोप लागत नाही, भूक मरते.

विसाव्याच्या बाजूची मोठी वाट म्हणजे व्हेगस नावाची चेता. ती मेंदूच्या तळापासून निघते आणि मानेतून हृदय, फुप्फुसं, जठर, आतड्यांपर्यंत जाते. ती जागी झाली की ठोके मंदावतात आणि आतडी कामाला लागतात. पाठ चोळताना पोटात गुडगुडतं ते यामुळे.

हाताचा आणि या चेतेचा संबंध काय? आपल्या त्वचेत काही बारीक चेतातंतू असे आहेत की ते ऊबदार हाताच्या संथ स्पर्शाला चांगला प्रतिसाद देतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर, म्हणजे लेकराला थोपटून झाल्यावर पाठीवरून हात फिरवतो त्या वेगाने. तो निरोप मेंदूत पोचला की मन निवतं. स्नायूंवर मध्यम दाब दिला तर व्हेगसचं काम वाढल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. गुदगुल्या होतील इतका हलका हात तेवढा उपयोगी पडत नाही. आणि ओरडायला येईल इतकं रगडलं तर उलटंच होतं. वेदना झाली की धावपळीची बाजू जागी होते. “दुखलं तरच गुण येतो” हे म्हणणं म्हणून खरं नाही.

मालिशचा हा परिणाम थोड्या वेळाचा असतो, हेही लक्षात ठेवू. त्याने सरकलेली गादी जागेवर येत नाही आणि रक्तदाबाची गोळी बंद करता येत नाही.

आता बाळाकडे वळू. आपल्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब, आईचं दूध, जंतुसंसर्गावर वेळेत उपचार अशी ती काळजी होती. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात ते छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येते, ती याच वाटेने.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा दिवस न भरलेल्या बाळासाठी सर्वांत मोलाचा स्पर्श मालिशचा नाही. आईच्या उघड्या छातीला बाळ लावून वरून पांघरायचं, हा तो स्पर्श. त्याने बाळाचा श्वास आणि ठोके स्थिर राहतात, अंग गार पडत नाही. दिवसातून ८ ते २४ तास असं धरावं, असं जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगते. आई थकली तर आजीने किंवा बापाने धरावं. अशा बाळाला उघडं करून तेल लावत बसलं तर ते गारठतं. मालिश कधी सुरू करायची ते नर्सताईला विचारा. नाका-कानात तेल घालू नका, टाळू दाबू नका, छाती पिळू नका.

काही वेळा मात्र चोळत बसणं धोक्याचं आहे. गरोदरपणी डोकं फार दुखतंय आणि डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर आधी रक्तदाब मोजा. बाळंतिणीची एकच पोटरी सुजून दुखतेय, तर ती मुळीच चोळू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते. पाठदुखीसोबत पाय बधिर झाले किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सिकलसेलच्या रुग्णाला कळा आल्या तर जोराने रगडू नका. थंडी आणि भीतीने रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून त्याला पांघरूण द्या, पाणी पाजा, हात धरून धीर द्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

येत्या बचत गटाच्या बैठकीत एक करून पाहा. दोघी-दोघींनी बसा. मनगटावर बोटं ठेवून अर्धा मिनिट नाडी मोजा, आकडा दुप्पट करा आणि लिहून ठेवा. मग मैत्रिणीला विचारून तिचे खांदे आणि हात दहा मिनिटं ऊबदार हाताने, मध्यम दाबाने, सावकाश चोळा. पुन्हा नाडी मोजा. मग जागा बदला. बऱ्याच जणींचे ठोके थोडे कमी झालेले दिसतील.

घरात सगळ्यांचं अंग आपण चोळून देतो, आपली पाठ मात्र तशीच राहते. गटात त्याची पाळी लावता येईल. त्याला खर्च लागत नाही, दहा मिनिटं लागतात.