तुळजापूरचा राजवर्धन, मुंबईचा शम्स : बॉलिंग ऑलराऊंडरची रोजी-रोटी कशी चालते?

अणदूर तुळजापूर तालुक्यात आणि राजवर्धन हंगरगेकरही तुळजापूरचाच. त्यामुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये आयपीएलच्या लिलावात चेन्नईने त्याला दीड कोटीला घेतलं, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी घरांत एकच विषय निघाला : आमच्या पोराचंही असं होईल का? मूळ किंमत होती ३० लाख. त्याच्या आदल्याच आठवड्यात तो वेस्ट इंडिजमध्ये १९ वर्षांखालचा विश्वचषक जिंकलेल्या संघात होता. आयर्लंडविरुद्ध त्याने १७ चेंडूंत नाबाद ३९ धावा ठोकल्या होत्या. मुख्य काम मात्र वेगवान गोलंदाजीचं.

बॉलिंग ऑलराऊंडर म्हणजे हेच. संघात जागा मिळते ती गोलंदाजीवर. बॅटिंग सात-आठ नंबरला येते, तीही पडझड झालेली असताना नाहीतर शेवटचे दहा-बारा चेंडू उरलेले असताना. विकेट नाहीत आणि नुसत्या पंचवीस-तीस धावा, असं दोन-तीन सामने झालं की बाहेर बसावं लागतं. गल्लीत टेनिस बॉलवर दोन्ही करणारी पोरं ढिगाने सापडतात. लेदर बॉलवर दोन्हीसाठी वेगळा सराव लागतो, आणि शरीर तर एकच असतं.

राजवर्धनचे वडील २०२० मध्ये कोरोनात गेले. घरावर एवढा घाला पडूनही त्याने खेळ सोडला नाही, हे लिलावाच्या आकड्यापेक्षा आम्हाला मोठं वाटतं. २०२२ चा अख्खा मोसम तो बाकावर होता. ३१ मार्च २०२३ ला अहमदाबादला गुजरातविरुद्ध पहिली संधी मिळाली : ३६ धावांत ३ विकेट. त्याच जुलैत कोलंबोत पाकिस्तान 'अ' विरुद्ध ४२ धावांत ५. एवढं करूनही चेन्नईकडून तो एकूण दोनच सामने खेळला. पुढच्या मोठ्या लिलावात लखनौने त्याला घेतलं ते ३० लाखांना. म्हणजे जिथून आकडा सुरू झाला होता तिथेच.

याला एक नियमही आडवा आला आहे. २०२३ पासून आयपीएलमध्ये 'इम्पॅक्ट प्लेअर' आला. संघ बॅटिंगला एक खास फलंदाज आणि बॉलिंगला एक खास गोलंदाज वापरू शकतो. मग दोन्ही थोडं थोडं करणारा कशाला हवा? गंमत बघा, राजवर्धनच्या पहिल्याच सामन्यात हा नियम पहिल्यांदा वापरला गेला.

आता दुसरी वाट. शम्स मुलाणी, मुंबईचा डावखुरा फिरकीपटू. (मुलाणी हे आडनाव आपल्याकडच्या गावगाड्यातलं, बलुतेदारांच्या यादीतलं. वाचकांना वेगळं सांगायला नको.) आयपीएलमध्ये त्याचं नशीब फारसं उजळलं नाही. मार्च २०२४ मध्ये हैदराबादने मुंबई इंडियन्सविरुद्ध २७७ धावा कुटल्या, त्या रात्री शम्सच्या दोन षटकांत ३३ गेल्या. पण त्याच महिन्यात वानखेडेवर मुंबईने विदर्भाला हरवून ४२ वी रणजी जिंकली होती. त्या अंतिम सामन्यात शम्सने पहिल्या डावात ३ विकेट घेतल्या आणि दुसऱ्या डावात नाबाद ५० केल्या. २०२१-२२ च्या रणजीत तर सहा सामन्यांत ४५ विकेट, देशात सगळ्यात जास्त. टीव्हीवर हे फार कमी लोकांनी पाहिलं.

घर चालतं का यावर? हिशेब करू. २०२१ मध्ये ठरलेल्या दरांनुसार २० पर्यंत सामने खेळलेल्याला रणजीत दिवसाला ४० हजार मिळतात, त्यापुढे ५० आणि ४० सामन्यांनंतर ६० हजार. साखळीत सात सामने, प्रत्येकी चार दिवस. सगळे खेळला तर नवख्याला ११ लाख २० हजार. राखीव खेळाडूला निम्मे. चांगली कमाई आहे, नाही कशाला म्हणा. पण ती अंतिम अकरात असेपर्यंत. खांदा किंवा पाठ धरली की सामने गेले, आणि वेगवान गोलंदाजाची पाठ सगळ्यात आधी बोलते. म्हणून दहावी-बारावी सोडवून पोराला पुण्याच्या अकादमीत टाकण्याच्या आम्ही विरोधात आहोत. खेळू द्या, कॉलेजचं नाव मात्र काढू नका.

धाराशिव जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या हद्दीत येतो, त्यामुळे आपल्या पोरांची वाट जिल्हा संघातून पुण्याकडे जाते. निवड चाचणीआधी एक काम घरच्यांनी करावं. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार, तिन्हींवर नाव आणि तारीख एकच आहे का पाहा. आपल्याकडे एकावर 'शेख', दुसऱ्यावर 'शेख' गायब आणि तिसऱ्यावर 'महंमद'चं 'मोहम्मद' झालेलं असतं. वय खोटं दाखवणाऱ्यावर बीसीसीआय दोन वर्षांची बंदी घालतं. नुसत्या स्पेलिंगच्या घोळामुळे आपल्या पोरावर संशय यायला नको, म्हणून दुरुस्तीचा अर्ज चाचणीच्या बराच आधी द्या.