आजोबांची ‘थ्री-नॉट-थ्री’: जुनी लष्करी रायफल ओळखायची कशी, आणि सापडली तर करायचं काय?

हेडफोन हाताशी नसतील तर आजचा एपिसोड इथे वाचा.

डिसेंबर २०२० आठवतोय? करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्यानं माणसं मारली, आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागली. गावाकडे बंदुकीचा विषय निघाला की एक नाव हमखास येतं, ‘थ्री-नॉट-थ्री’. कुणीतरी लगेच म्हणतं, “आमच्या जुन्या वाड्यात पण होती एक.” खरंच असली तर?

ही रायफल नेमकी कुठली?

ब्रिटिश सैन्याची ली-एनफिल्ड. नळीच्या बोअरचा व्यास ०.३०३ इंच, म्हणून हे नाव. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती भारतातच बनायची. दोन्ही महायुद्धांत आपले जवान हीच घेऊन लढले, आणि पुढे ती पोलिसांकडे आली. २६/११ ला सीएसटीवर पोलिसांच्या हातात हीच होती, समोर एके-४७. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला.

जाणकार काय बघतात?

पहिली नजर जाते बोल्टच्या मुठीखालच्या लोखंडी पट्टीवर, जिथे लाकडी दस्ता सुरू होतो. मुकुट आणि ‘जी.आर.आय.’ असेल तर जॉर्ज राजाच्या काळातली. खाली कारखान्याचं नाव, वर्ष आणि मॉडेल. ‘टू-ए-वन’ दिसलं तर ती थ्री-नॉट-थ्री नव्हेच. दिसायला तशीच, पण १९६० च्या दशकात इशापूरनं ७.६२ मिलिमीटरच्या गोळीसाठी बनवलेली. तिचं मॅगझिनही जास्त चौकोनी असतं.

मग नंबर. बॉडी आणि बोल्टवर एकच नंबर असेल तर भाव वाढतो. वेगवेगळे असतील तर कुठल्यातरी दुरुस्तीत भाग बदललेत. नळी आतून गंजलेली आहे का तेही बघतात, कारण जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनामुळे मीठ साचून गंज धरायचा. ‘डी.पी.’ शिक्का म्हणजे फक्त कवायतीसाठी, गोळी झाडायला नाही. आणि घासूनपुसून चकाचक केलेली रायफल संग्राहकाला नको असते, त्या चकाकीखाली जुन्या खुणा पुसल्या जातात.

अमेरिकेत दुकानात, मग इथे का नाही?

तिकडे सैन्यानं काढून टाकलेल्या रायफली दुकानात विकल्या गेल्या, इशापूरच्या सुद्धा. आपल्याकडे थ्री-नॉट-थ्री ही ‘प्रतिबंधित बोअर’ आहे. साध्या परवान्यावर मिळत नाही. म्हणूनच इशापूरनं परवानाधारकांसाठी ०.३१५ बोअरची वेगळी रायफल काढली. शस्त्र कायदा १९५९ चा, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. वारसानं आलेल्याही त्यातच मोजतात.

माळ्यावर सापडलीच तर?

एक: चाप, बोल्ट, काडतूस, कशालाच हात लावू नका. ‘जुनी आहे, चालणार नाही’ हे गृहीत धरू नका.

दोन: रील काढू नका. विनापरवाना प्रतिबंधित शस्त्र बाळगलं तर सात वर्षांपासून पुढे शिक्षा होऊ शकते.

तीन: घरच्या मोठ्यांना विचारा, जुना परवाना कुठे आहे का बघा, आणि लगेच पोलीस ठाण्याला कळवा. परवानाधारक गेल्यावर वारसानं शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावं, अशी तरतूद कायद्यातच आहे. पुढे स्वतःच्या नावावर करायचं असेल तर अर्ज करायचा. ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय, आपल्यासाठी सोलापूर.

कायमची निकामी, दुरुस्त करूनही न चालणारी जुनी शस्त्रं कायद्यानं वेगळी धरलीत. पण ‘निकामी’ आहे की नाही हे आपण घरी बसून ठरवायचं नाही.

आणि संग्रहाची हौस असेलच, तर आजोबांचं डिस्चार्ज बुक, पदकं, पलटणीचे फोटो जपा. त्याला परवाना लागत नाही. रायफलवर फक्त नंबर असतो. ती कुणाच्या खांद्यावर होती, ते या कागदांत सापडतं.

भेटू पुढच्या एपिसोडला!