बर्गरची किंमत आणि कांद्याचा भाव

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर आपण चिठ्ठ्या मागवल्या होत्या. त्यातल्या एकीत विद्यार्थ्यानं लिहिलंय, "सर, हॉटेलातला बर्गर दरवर्षी महाग होतोय. तो तेवढ्या किमतीचा असतो का?" संयोजकांना ही चिठ्ठी गमतीची वाटली, बाजूला ठेवू म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या. न्याय्य किंमत हा तत्त्वज्ञानातला फार जुना विषय आहे आणि तो कायम साध्या वस्तूंवरच शिकवला गेलाय. ॲरिस्टॉटलनं आपल्या नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात जोडे करणारा आणि घर बांधणारा असे दोघे घेतले, आणि किती जोडे म्हणजे एक घर, असं विचारलं. आपण बर्गर घेऊ.

आधी शब्द नीट करून घेतो, कारण मराठीनं इथे आपलं अर्धं काम करून ठेवलंय. भाव, दर, किंमत, मोल हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, पण ते एक नाहीत. बाजार समितीतून परत येणाऱ्याला आपण विचारतो, "कांदा काय भावानं गेला?" काय दरानं विकलास, असं कोणी विचारत नाही. 'गेला' म्हणतो. म्हणजे भाव ही विकणाऱ्याच्या बाबतीत घडणारी गोष्ट आहे. दर मात्र पाटीवर लिहिलेला असतो, आणि ज्याची पाटी त्याचा दर. किंमत आपण खिशातून मोजतो. आणि मोल? ते खाऊन झाल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशी कळतं. विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे की दर आणि मोल यांचा मेळ बसतो का. माझं म्हणणं असं आहे की त्याआधी आणखी एक विचारावं लागतं: पाटी लिहिण्याचा अधिकार कोणाला आहे?

आता बर्गर उघडून बघू. आपल्याकडे मिळणारा बहुतेक बर्गर बटाट्याच्या टिक्कीचा. खाली-वर गोड चवीचा बन, मध्ये टिक्की, कांद्याची चकती, टोमॅटोची चकती, कोबी, मेयोनीज, जास्त पैसे दिले तर चीज. म्हणजे वडापावचा चुलतभाऊच. वडापाव 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी सुरू केला असं सांगतात. त्यातला पाव पोर्तुगीजांकडून आला, 'बटाटा' हा शब्दही त्यांच्याकडूनच. तेव्हा बर्गर परका आणि वडापाव आपला, हा वाद मी घालणार नाही. दोघेही दूरचा प्रवास करून आलेत, एक जरा आधी पोचला एवढंच.

हे सगळे जिन्नस घरी आणले तर एका बर्गरला तीस-चाळीस रुपये पुरतात. चीज बेतानं घातलं तर आणखी कमी. घरचा किराणा भरणाऱ्या कोणालाही विचारा. हॉटेलच्या धंद्यात ढोबळ नियमच आहे की पदार्थाच्या दरात जिन्नसांचा वाटा साधारण एक तृतीयांश असावा. उरलेल्या दोन तृतीयांशात जागेचं भाडं, माणसांचे पगार, गॅस, वीज, जाहिरात, कर्जाचा हप्ता आणि नफा. मग 180 रुपयांच्या बर्गरमध्ये खाद्यपदार्थ साठ रुपयांचा, बाकी 120 रुपये खुर्चीचे, एसीचे, पाटीवरच्या नावाचे. यात फसवणूक नाही. पण आपण खुर्ची भाड्यानं घेतली आणि म्हणालो बर्गर खाल्ला, हे लक्षात असू द्यावं.

मग दर का वाढतो? काही कारणं खरी आहेत, ती मान्य केली पाहिजेत. हॉटेलला 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो. मे 2022 मध्ये दिल्लीत तो 2,300 रुपयांच्या वर गेला होता. त्याच सुमारास युक्रेनच्या युद्धानं सूर्यफूल तेल अडलं आणि इंडोनेशियानं एप्रिलअखेरीपासून साडेतीन आठवडे पामतेलाची निर्यात बंद केली. आपण खाद्यतेल निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, त्यामुळे जाकार्तातला निर्णय आपल्या कढईत उतरतो. कराचंही तसंच. 15 नोव्हेंबर 2017 पासून उपाहारगृहांचा जीएसटी 18 आणि 12 टक्क्यांवरून 5 वर आला, पण भाड्यावर आणि सामानावर भरलेला कर वळता करून घ्यायची सोय काढली. काही मोठ्या साखळ्यांनी त्या दिवशी मूळ दरच वाढवला, बिल होतं तिथेच राहिलं, आणि प्रकरण नफाखोरीविरोधी प्राधिकरणापर्यंत गेलं.

आणखी एक कारण सूक्ष्म आहे. विल्यम बॉमोल नावाच्या अर्थतज्ज्ञानं 1966 मध्येच, म्हणजे वडापावच्याच वर्षी म्हणा ना, विल्यम बोवेनबरोबर नाटक-संगीताच्या खर्चावर पुस्तक लिहिलं. मुद्दा असा की कारखान्यात यंत्रामुळे एक माणूस पूर्वीच्या दहापट माल काढतो, पण चार वादकांचं संगीत वाजवायला आजही चारच माणसं आणि तेवढाच वेळ लागतो. बाकीकडे पगार वाढले की वादकांनाही वाढवून द्यावे लागतात, नाहीतर ते वाजवायला येतील कशाला? म्हणून असे धंदे महाग होत जातात. टिक्की परतायला, टेबल पुसायला माणूस लागतो. त्याचा पगार वाढला म्हणून बर्गर दहा रुपयांनी वाढला असेल, तर मी ते दहा रुपये आनंदानं देईन. वाढलेले दहा त्याच्याकडेच गेले का, हे मात्र पाटीवर लिहिलेलं नसतं.

आणि कच्च्या मालाचं? "कांदा महागला, टोमॅटो महागला, म्हणून दर वाढवले," हे आपण नेहमी ऐकतो. चला, गणित करू. बर्गरमध्ये कांदा फार तर 15 ग्रॅम. कांदा 20 रुपये किलो असेल तर 30 पैसे, 80 रुपये झाला तर एक रुपया वीस पैसे. फरक नव्वद पैशांचा! टोमॅटो 25 ग्रॅम धरा. 20 रुपयांचा 160 झाला तरी फरक साडेतीन रुपयांचा. जुलै 2023 मध्ये टोमॅटो भडकला तेव्हा उत्तर आणि पूर्व भारतातल्या मॅकडोनाल्ड्सनं दर्जेदार टोमॅटो मिळत नाही असं सांगून चकतीच काढली. ऑगस्टमध्ये बर्गर किंगनंही काढली. टोमॅटो गेला म्हणून बिलातून काही वजा झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. दर न वाढवता वस्तू कमी करणं हीसुद्धा दरवाढच असते, फक्त ती पाटीवर दिसत नाही.

इथे आपल्या कसमादे पट्ट्याचा संबंध येतो. द इकॉनॉमिस्ट हे साप्ताहिक 1986 पासून देशोदेशीची चलनं बर्गरनं मोजतं. भारतात गोमांसाचा बर्गर नसल्यानं ते महाराजा मॅक धरतात. आपण उलट करू, बर्गर कांद्यात मोजू. समजा उन्हाळ कांदा 1,000 रुपये क्विंटलनं गेला. म्हणजे किलोला दहा रुपये, आणि त्यातून हमाली, तोलाई, ट्रॅक्टरचं भाडं अजून जायचंय. 180 रुपयांच्या बर्गरला किती कांदा द्यावा लागला? अठरा किलो. आत किती आहे? पंधरा ग्रॅम. कळवणच्या मुलानं नाशिकला जाऊन बर्गर खाल्ला तर बापानं एप्रिलपासून चाळीत राखलेला, घट सोसून उरलेला, निवडून गोल्टी वेगळी केलेला अठरा किलो कांदा त्याच्या ताटात आला असं समजा. भाव 2,500 झाला तर सव्वासात किलो. बर्गर तोच, टिक्की तीच. मग बदललं काय? बापाचं काम तर बदललं नाही.

हा फरक का पडतो, तर भाव दोन्हीकडे हलतो आणि दर एकाच दिशेला. तेल उतरलं, गॅस उतरला म्हणून पाटीवरचा आकडा खोडून कमी केलेला तुम्ही किती वेळा पाहिलाय? वर जाताना सगळं कारण असतं, खाली येताना कुठलंच नसतं. लिलावात उभा असलेला शेतकरी मात्र बोली ऐकतो, पटली नाही तर गाडी परत न्यायचं स्वातंत्र्य त्याला आहे. पण भिजलेल्या, कोंब आलेल्या कांद्याला ते स्वातंत्र्य नसतं. रिझर्व्ह बँकेच्या 2024 मधल्या अभ्यासात आलं की ग्राहक कांद्याला देतो त्या रुपयातले साधारण 36 पैसे शेतकऱ्याला मिळतात, टोमॅटोत 33, बटाट्यात 37. बर्गरमधल्या तिन्ही भाज्या आल्या पाहा यात. आणि हा बाजारातल्या रुपयाचा हिशेब झाला, हॉटेलातल्या रुपयाचा अजून पुढेच आहे.

सरकारचं वागणं त्याहून बोलकं. 19 ऑगस्ट 2023 ला कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं. 8 डिसेंबरला निर्यातच बंद. ती 4 मे 2024 ला उठली, तीही शुल्क आणि किमान निर्यातमूल्याच्या अटीसह. शुल्क पूर्ण जायला 1 एप्रिल 2025 उजाडलं. आता हे बघा: 2012 आधारवर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा भार एक टक्क्याहून कमी होता, आणि तयार जेवण, फराळ, मिठाई यांचा साडेपाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शहरातल्या माणसाच्या खिशाला तयार खाण्याची महागाई जास्त लागते. पण बर्गरचा दर वाढला म्हणून दिल्लीत बैठक बसल्याचं ऐकलंय? कांदा वर गेला की ते संकट, मेन्यूकार्ड वर गेलं की तो बाजार.

कौटिल्याला हा भेद मान्य झाला नसता. अर्थशास्त्रात त्यानं व्यापाऱ्याला देशी मालावर पाच आणि परदेशी मालावर दहा टक्के नफा ठरवून दिला होता. बर्गरला कुठल्या यादीत घालायचं हा घोळ त्याला पडला असता, नाव परदेशी आणि बटाटा देशी! असे नफे आज कायद्यानं बांधावेत असं मी म्हणत नाही. बांधले की माल मागच्या दारानं विकला जातो, हे रेशनच्या रांगेत वाढलेल्या माझ्या पिढीला सांगायला नको. पण बांधायचंच तर फक्त पिकवणाऱ्याला बांधायचं आणि विकणाऱ्याला मोकळं सोडायचं, हा कुठला न्याय?

तर विद्यार्थ्याला उत्तर. ॲरिस्टॉटल म्हणतो, वस्तू एका मापात आणणारी गोष्ट म्हणजे गरज. तुझी गरज कुठली ते आधी बघ. परीक्षा संपली, चौघं मित्र नाशिकला गेलात, दोन तास कोणी उठवलं नाही, तर 180 रुपये दोन तासांच्या बैठकीला दिलेस. ते महाग नाहीत. भूक भागवायला गेला असशील तर ते पैसे वाया गेले. तेवढ्यात नाशिकची मिसळ पोटभर होते आणि पाव परत मागता येतो. घरी मागवून खाटेवर बसून खाल्लास, तर खुर्चीचे पैसे देऊन खुर्ची सोडून आलास, वर पोचवणावळ दिलीस. हा व्यवहार मला अजिबात समजत नाही. आणि गाडीवर, समोर तव्यावर भाजून दिलेला बर्गर पन्नास-साठला मिळत असेल तर तो मला या सगळ्यात सरळ वाटतो. दराचा मोठा भाग जिन्नसांत आणि करणाऱ्याच्या हातात जातो, आणि तो हात समोर दिसतो.

पण ही निवड ज्याच्या घरी चूल आहे त्याची. ज्याला स्वयंपाकघरच नाही त्याचं काय? ट्रकवरचा क्लीनर, बांधकामावरचा एकटा मजूर, शहरात खोली घेऊन राहिलेला आपल्या पाड्यावरचा मुलगा. यांची महागाई कांद्याच्या भावात नाही, पाटीवरच्या दरात आहे. 2018 मध्ये आदिवासी विकास विभागानं शहरांतल्या वसतिगृहांची खानावळ बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात द्यायचं ठरवलं, तेव्हा मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. अनेकांना तो हट्ट वाटला. मला तो अर्थशास्त्राचा धडा वाटला. हातात ठरावीक रक्कम आणि समोर एकाच दिशेनं चढणारी पाटी, ही जोडी त्या मुलांनी आधीच ओळखली होती.

त्यांच्यासाठी मोजमाप वेगळं हवं, आणि ते शासनानंच करून ठेवलंय. 26 जानेवारी 2020 ला शिवभोजन सुरू झालं तेव्हा थाळीचा पूर्ण खर्च शहरात 50 आणि ग्रामीण भागात 35 रुपये धरला होता. त्यातले दहा जेवणाऱ्यानं द्यायचे. तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. हा आकडा 2020 चा, आज त्यात थाळी बसवणं केंद्र चालवणाऱ्याला अवघडच. तरी त्या मापानं 180 रुपयांच्या बर्गरमध्ये पाच माणसं जेवतात आणि पाच रुपये उरतात. पुढच्या वेळी कोणी किमती वाढल्या म्हणालं, तर आधी या पस्तीसचं काय झालं ते विचारा, बर्गरचं नंतर बघू.