गाव एकीकडे, शूटिंग दुसरीकडे

'सैराट' प्रदर्शित झाला 29 एप्रिल 2016 रोजी. म्हणजे एप्रिल 2026 मध्ये त्याला 10 वर्षं झाली. त्यानिमित्तानं कमाईचे आकडे, अजय-अतुलची गाणी, नायिका रिंकू आणि नायक आकाश पुढे काय करत आहेत, हे सगळं पुन्हा एकदा लिहून-बोलून झालं. एक गोष्ट मात्र बाजूलाच राहिली. या सिनेमानं मराठी प्रेक्षकाला थिएटरमधून उठवून रस्त्याला लावलं. करमाळ्याच्या कमलाभवानी मंदिराजवळची 96 पायऱ्यांची विहीर आणि उजनीच्या पाण्याचा काठ पाहायला देवीच्या भक्तांखेरीज दुसरा एक वर्ग येऊ लागला. जालन्याहून निघणाऱ्याला त्यासाठी अंबड, शहागड, बीड, जामखेड असा लांबचा पल्ला मारावा लागतो. एवढं जाऊन काय करतात, तर सेल्फी काढतात, असं म्हणून शहाणीसुरती माणसं हा विषय मोडीत काढतात. मला तसं वाटत नाही. सिनेमाचं ठिकाण बघायला जाणारा प्रेक्षक नकळत समीक्षाच करत असतो. पडद्यावर जे दाखवलं ते खरं होतं का, याची शहानिशा तो स्वतःच्या डोळ्यांनी करतो. त्याची दखल सिनेमावाल्यांनी आणि जालन्यासारख्या जिल्ह्यानं गंभीरपणे घ्यायला हवी.

करमाळा तालुक्यात या प्रेक्षकाला काय दिसतं ते पाहा. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पुरं झालं. त्याच्या फुगवट्यानं काही गावं पोटात घेतली आणि काठावरच्या जमिनींना बारमाही पाणी दिलं. पाण्याबरोबर ऊस आला, केळी आली, कारखान्याचं राजकारण आलं. ज्याच्याकडे जमीन होती त्याचा वाडा चढला. ज्यांच्याकडे नव्हती त्यांच्यातल्या अनेकांनी त्याच पाण्यात जाळं टाकलं. 'सैराट'मध्ये नायिका आर्चीचा बाप जमीनदार पुढारी आहे आणि नायक परश्याचं घर मासेमारीवर चालतं, हे आठवलं की लक्षात येतं, दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी ही जागा निसर्गदृश्यासाठी निवडलेली नव्हती. ते याच तालुक्यातल्या जेऊरचे. गोष्टीतलं जातीचं आणि जमिनीचं अंतर त्या पाण्याच्या काठावर आधीच आखलेलं होतं, कॅमेऱ्यानं ते नुसतं टिपलं. काठावर उभं राहून एका बाजूला उसाचे फड आणि दुसऱ्या बाजूला होड्या बघणाऱ्या पोराला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

याची उलटी परीक्षाही झालेली आहे. 2018 साली 'सैराट'वरून हिंदीत 'धडक' आला. कथा तीच, गाणीही बरीचशी तीच, संगीतकारही तेच. फक्त गाव बदललं आणि सगळं उदयपूरला नेलं. तिथं तलाव हा पर्यटकांनी बघायचा देखावा असतो आणि नायकाच्या बापाचं त्याच पर्यटकांवर चालणारं रेस्टॉरंट असतं. पाणी होतंच, पण त्या पाण्यानं कुणाला श्रीमंत केलं आणि कुणाला काठावर ठेवलं, हा प्रश्न गळून पडला. जातीचा दाहही त्याच्याबरोबर गेला. 'धडक' फिका का वाटला याची चर्चा नवख्या कलाकारांवरून पुष्कळ झाली. माझ्या मते त्याचं पहिलं कारण पत्ता बदलला हे आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की सिनेमा हा मुळात आभास आहे, तिथं जागेचा एवढा हट्ट कशाला? वाईचंच उदाहरण घ्या. 'गंगाजल'मध्ये वाई परिसर बिहार झाला, 'दबंग'मध्ये उत्तर प्रदेश झाला, 'चेन्नई एक्स्प्रेस'मध्ये तमिळनाडू झाला. शेजारच्या मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आहे. 'स्वदेस'नं तिथं उत्तरेतलं चरणपूर उभं केलं आणि प्रेक्षकांनी ते मनापासून स्वीकारलं. 'शोले'चं रामगढ तर बंगळुरूजवळच्या रामनगरात होतं आणि पन्नास वर्षांनंतरही लोक ते खडक शोधत जातात. आक्षेपात तथ्य आहे. 'शोले'ला विशिष्ट गाव नकोच होतं, त्याला हवी होती डाकूंची दंतकथा. पण ज्या गोष्टीचा जीव जमीन, पाणी आणि जात यांत अडकलेला असतो, तिला कुठलाही घाट चालत नाही. आणि वाई सगळ्यांची होत गेली, तेव्हा किंमत कुणी मोजली? ज्या गावांच्या नावानं तिथं शूटिंग झालं, त्यांनी. पडद्यावरचं बिहारचं गाव बिहारी माणसाला ओळखू येत नाही. पडद्यावरचं 'ग्रामीण महाराष्ट्र' नावाचं गाव जालन्याच्या माणसालाही तसंच अनोळखी वाटतं. माती लाल, डोंगर हिरवे, नदी भरलेली आणि बोली कोल्हापूर-साताऱ्याकडची. घनसावंगीच्या किंवा मंठ्याच्या प्रेक्षकानं 'हे आपल्याकडचं नाही' असं म्हटलं तर तो तक्रारखोर ठरत नाही. आपली काळी माती त्याला चांगली माहीत आहे, म्हणून तो तसं बोलतो.

जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. 1 मे 2026 ला त्याला 45 वर्षं पूर्ण झाली. एवढ्या काळात मोठ्या पडद्यावर जालना म्हणून जालना किती वेळा दिसला? 2024 साली 'संघर्षयोद्धा मनोज जरांगे पाटील' आला आणि अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीची गोष्ट थिएटरात पोचली. त्याचा विषय मराठा आरक्षणाचं आंदोलन आणि त्या आंदोलनाचा नेता हा होता. जिल्ह्याचं रोजचं जगणं हा वेगळा विषय आहे आणि तो अजून तसाच पडून आहे. एरवी मराठवाड्याकडे कॅमेरा वळतो तो दुष्काळात. 2012-13 साली मोसंबीच्या बागा वाळल्या, शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातानं झाडं तोडली. हे घडलं आणि ते दाखवायलाच हवं. पण वर्षभर जिल्हा फक्त भेगाळलेली जमीन घेऊन बसलेला नसतो.

उदाहरणार्थ बियाण्यांचं काम. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे सगळ्यांना माहीत आहे. ते बियाणं कसं तयार होतं, हे मात्र पडद्यानं कधी पाहिलं नाही. जाफराबादकडे शेडनेटमध्ये मिरचीच्या, टोमॅटोच्या ओळी असतात. उमलण्याआधीच कळी बोटात धरून बायका बारीक चिमट्यानं पाकळ्या उलगडतात, आतले पुंकेसर एकेक करून काढतात, दुसऱ्या वाणाचे परागकण मधल्या स्त्रीकेसरावर लावतात आणि कोणती कळी झाली ते कळावं म्हणून देठाला दोरा बांधतात. दिवसभर मान खाली, हिरव्या जाळीतून गाळून येणारा उजेड, हातात सुईएवढं काम. क्लोज-अप म्हणतात तो याहून चांगला कुठे मिळेल? तिकडे औद्योगिक वसाहतीत भट्ट्यांतून लालबुंद लोखंड निघून त्याच्या सळया होत असतात आणि बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार तिथं रात्रपाळी करतात. धुळवडीची हत्ती रिसाला मिरवणूक आहे. भोकरदनजवळचं आसई आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथं शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलस्ली समोरासमोर आले होते. ऐतिहासिक चित्रपटांची एवढी लाट आली, पण या रणांगणाकडे कुणी वळलं नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं.

माणसं नाहीत म्हणावं तर तेही खोटं. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे 2012 साली आलेलं नाटक राजकुमार तांगडे यांनी लिहिलं. ते घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थचे. संकल्पना आणि संगीत संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं आणि रंगमंचावर जालन्याच्या खेड्यांतली, शेतीतून आलेली पोरं. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकानं ते नाटक डोक्यावर घेतलं आणि तिथली बोली समजली नाही म्हणून कुणी उठून गेलं नाही. त्यातलेच कैलाश वाघमारे पुढे सिनेमातही स्थिरावले. म्हणजे इथला लेखक आणि इथला नट चालतो, अडतं ते इथल्या जागेपाशी.

निर्मात्यांचं म्हणणं असतं, की लांब पडतं, युनिट नेणं परवडत नाही. दहा वर्षांपूर्वी हे मान्य करावं लागलं असतं. डिसेंबर 2023 मध्ये जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, आता ती नांदेडपर्यंत जाते. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला आणि तो जालन्याच्या अंगणातून जातो. छत्रपती संभाजीनगरचं विमानतळ तासाभरावर आहे. त्याच शहरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, म्हणजे जगभरचा सिनेमा बघून त्यावर तावातावानं बोलणारा प्रेक्षकही जवळच तयार होतो आहे. अंतराचं कारण आता पुरेसं नाही.

लोकांची रीघ लागली की जागेची नासाडी होते, हा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. आंध्रात गोदावरीकाठी कुमारदेवम इथं शेकडो तेलुगू सिनेमांत दिसलेलं सुमारे दीडशे वर्षांचं झाड होतं. ऑगस्ट 2024 मध्ये ते कोसळलं, तेव्हा सगळा आंध्र हळहळला. अशी जागा सांभाळण्याची जबाबदारी नेमकी कुणाची, हा प्रश्न त्या निमित्तानं पुढे येतो. रामनगरात उलट घडलं. 'शोले'च्या टेकड्यांपैकी रामदेवरबेट्टा हे 2012 साली गिधाडांचं अभयारण्य म्हणून जाहीर झालं आणि माणसांनी कुठवर जायचं याला हद्द पडली. जागेची जबाबदारी वेळेत ठरली तर ती टिकते. जालन्यात त्यासाठी नवी चित्रनगरी बांधायची गरज नाही. जिल्हाधिकारी कार्यालयानं शूटिंग करता येईल अशा जागांची यादी करावी, प्रत्येक जागेसमोर ग्रामपंचायतीतल्या एका जबाबदार माणसाचं नाव असावं, भाड्यातला ठरावीक वाटा त्याच गावाला मिळावा आणि मंदिर, बारव, नदीकाठ यांच्या वापराच्या अटी आधीच लेखी असाव्यात. 45 वर्षांच्या जिल्ह्याला एवढी यादी करायला एक पावसाळा पुरेसा आहे.