मर्यादेतला मसाला आणि मर्यादेतला खर्च

चातुर्मास लागला की जैन घरातील मिक्सरचे काम वाढते. शेजारच्या घरी वर्षाचा मसाला उन्हाळ्यातच कुटून बरण्यांत भरून ठेवलेला असतो. मर्यादा पाळणाऱ्या श्राविकेला मात्र ती सोय नसते. दिगंबर परंपरेत रूढ असलेल्या गणनेप्रमाणे पीठ आणि दळलेले मसाले हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात अवघे ३ दिवस चालतात. श्वेतांबर घरांतील गणना काहीशी निराळी असली, तरी थोडे आणि ताजे दळण्याची शिस्त दोन्हीकडे सारखीच. याचा अर्थ असा की आषाढ-श्रावणात महिन्याकाठी दहा वेळा धने, जिरे, मिरी, तीळ, खोबरे यांचे दळण निघते. आणि प्रत्येक वेळी ते असते दोन-चार चमचे.

मिक्सरच्या जाहिराती पाहणाऱ्याला ही गोष्ट कधीच दिसत नाही. तेथे भांडे काठोकाठ भरलेले असते, वॅटचा आकडा ठळक असतो आणि फळांच्या रसाचे एक पारदर्शक भांडे शोभेला उभे असते. प्रत्यक्षात आपल्या स्वयंपाकघराचा खरा प्रश्न चमचाभर जिरे बारीक होतील की नाही हाच आहे. दोन ते तीन हजार रुपयांत मिक्सर घ्यायचा असेल, तर निवडीची सुरुवात मोटारीपासून न करता सर्वांत लहान भांड्यापासून करावी.

चटणीचे भांडे म्हणून जे मिळते, त्याची धारणशक्ती साधारणतः ३०० ते ४०० मिलिलिटर असते. दुकानात ते हातात घेऊन आत डोकावून पाहावे. पाते तळापासून किती उंचीवर फिरते, हे महत्त्वाचे. तळ सपाट आणि रुंद असून पाते उंच बसविलेले असेल, तर दोन चमचे धने पात्याखाली पडून राहतात आणि मोटार नुसतीच ओरडते. तळ पात्याकडे उतरता असेल आणि पात्याची टोके भिंतीच्या जवळून जात असतील, तर थोडा मसालाही पुन्हा पुन्हा पात्यावर येतो. भांड्याच्या आतील बाजूस उभ्या पन्हळी असाव्यात. त्या फिरत्या वाटणाला अडवून पुन्हा मध्यभागी ढकलतात. हे सारे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. तरीही बहुतेक गिऱ्हाईक ती दोन मिनिटे रंग निवडण्यात घालविते.

कांदा-लसूण नसलेल्या रसभाजीला दाटपणा द्यायचा, तर शेंगदाणे, तीळ, ओले खोबरे, काजू किंवा शिजवलेल्या दुधी भोपळ्याचा आधार घ्यावा लागतो. हे वाटण रवाळ राहिले, तर भाजी फुटल्यासारखी दिसते. म्हणून ओल्या वाटणाचे भांडेही तितकेच पारखावे. तिन्ही भांडी चांगली असलेला साधा मिक्सर, चौथे रसाचे भांडे देणाऱ्या मिक्सरपेक्षा केव्हाही श्रेयस्कर. ते चौथे भांडे पहिल्या महिन्यानंतर माळ्यावर जाते, हा अनेक घरांचा अनुभव आहे.

आता मोटारीकडे वळावे. घरगुती मिक्सरवर लिहिलेले ५०० किंवा ७५० वॅट म्हणजे यंत्र किती वीज ओढू शकते त्याचे माप होय. ते किती बारीक वाटेल याचे माप नव्हे. या मोटारी रिकाम्या चालताना मिनिटाला १८ ते २० हजार फेरे घेतात. भार पडला की गती उतरते. चार-पाच माणसांच्या कुटुंबासाठी, जिथे दळण थोडे आणि रोजचे आहे, तिथे चांगल्या बनावटीचा ५०० वॅटचा मिक्सर पुरेसा ठरतो. इडली-डोशाचे पीठ वारंवार वाटणाऱ्या किंवा सणावारी पंधरा-वीस पाने उठणाऱ्या घराने ७५० वॅटचा विचार करावा. दुकानदार हजार वॅटचा आग्रह धरील. त्याचा नफा त्यात असतो. विजेच्या बिलाची धास्ती मात्र कोणत्याही बाजूने बाळगू नये. ७५० वॅटचा मिक्सर पूर्ण भाराने रोज पंधरा मिनिटे चालविला, तरी महिन्याला साडेपाच-पावणेसहा युनिटच लागतात. ५०० वॅटचा असेल तर पावणेचारच्या आसपास.

जैन घरात एक अडचण विशेषच असते. ओले आले वर्ज्य असल्यामुळे सुंठ येते, आणि ओल्या हळदीऐवजी हळकुंड. दोन्ही पदार्थ दगडासारखे कठीण. सुंठेचा अखंड तुकडा मिक्सरमध्ये टाकणे म्हणजे पात्याला आणि कपलरला आव्हान देणे होय. कपलर म्हणजे मोटारीच्या माथ्यावरची आणि भांड्याच्या बुडाची ती दातेरी चकती. तिच्यावर एकाएकी ताण आला, तर ती तुटते आणि मोटार बचावते. कपलर तुटला म्हणून मिक्सर हलक्या प्रतीचा, असे समजण्याचे कारण नाही. तो स्वस्तात बदलताही येतो. तरीही सुंठ आधी खलबत्त्यात जाडसर ठेचावी, चाळावी आणि मगच मिक्सरला द्यावी. शंभर वॅट अधिक विकत घेण्यापेक्षा घरातला लोखंडी खलबत्ता न मोडणे हे कितीतरी स्वस्त पडते.

भारतीय स्वयंपाकघराला परदेशी यंत्र पुरत नाही, ही जाणीव जुनी आहे. सत्यप्रकाश माथुर हे मुंबईत सीमेन्स कंपनीत काम करणारे अभियंते. त्यांच्या पत्नी माधुरी माथुर यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर आपल्याकडील वाटणाच्या भाराने बंद पडला आणि त्याची दुरुस्ती येथे होईना. तेव्हा त्यांनी कोरडे आणि ओले दोन्ही वाटण पेलणारे यंत्र स्वतः घडविले; तेच पुढे ‘सुमीत’ या नावाने घरोघरी पोहोचले. आजही दुधाचे पेय किंवा फळांचा गर फेटण्यासाठी केलेला काचेच्या भांड्याचा ब्लेंडर स्वस्त मिळतो म्हणून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. भिजवलेली डाळ आणि सुके खोबरे ही त्याची कामे नव्हेत. अमेरिकेत राहणाऱ्या लेकी-सुनांसाठी येथून मिक्सर पाठविण्याची हौस पुष्कळांना असते. परंतु तेथील घरांत वीज १२० व्होल्टची आणि आपला मिक्सर २३० व्होल्टचा. ११० व्होल्टसाठी बनविलेले भारतीय मिक्सर मिळतात, तेच मागावेत.

भांड्यांच्या पोलादाविषयी दुकानांत बरेच बोलले जाते. चुंबक लावून पाहण्याची युक्ती येथे फारशी उपयोगी पडत नाही; कारण भांड्यांत सर्रास वापरले जाणारे २०२ आणि ३०४ हे दोन्ही प्रकार चुंबकाला जवळजवळ ओढले जात नाहीत. २०२ मध्ये निकेल कमी असते आणि चिंच, मीठ, लिंबू यांच्या सहवासात त्यावर लवकर डाग धरतात. खोक्यावर ३०४ लिहिले असेल तर उत्तम; नसेल, तर भांड्याची जाडी आणि कड पाहावी. झाकण दाबून पाहावे. ज्याचे रबर पहिल्या दिवशीच ढिले, ते वर्षभरात ताकाचा फवारा भिंतीवर उडविणारच.

शुद्धीच्या दृष्टीने पाहता मिक्सरचा सर्वांत अडचणीचा भाग म्हणजे पात्याच्या बुडाखालची आणि झाकणाच्या रबरामागची चिंचोळी जागा. तेथे वाटणाचा अंश अडकतो, ओल राहते आणि पावसाळ्यात एका रात्रीत बुरशी किंवा मुंग्या जमतात. म्हणून ज्याचे रबर सहज निघते आणि पुन्हा बसते, तेच झाकण पसंत करावे. काही भांड्यांचे पातेही पेचाने सुटते. ही सोय थोडे अधिक पैसे देऊन घेण्यासारखी आहे. दळणे-कांडणे ही गृहस्थाच्या नित्य सूनांपैकी मानली गेली आहेत, तेव्हा यंत्र आले म्हणून जयणा सुटत नाही. उलट हातजात्यापेक्षा येथे अधिक सावध राहावे लागते. जाते हळू फिरते, त्यातून जीव निसटू शकतो. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पात्यातून नाही. धान्य व मसाला निवडून, शोधून घ्यावा. भांडे उजेडाकडे धरून आत पाहावे. हवा जाण्यासाठी मिक्सरच्या बुडाला ज्या फटी असतात, तेथे मऊ पुंजणी फिरवावी आणि मगच बटण दाबावे. पांढऱ्या किंवा फिक्या रंगाचा मिक्सर मळतो, अशी तक्रार असते. पण त्यावर मुंगी चटकन दिसते, हा त्याचा गुणच म्हटला पाहिजे.

द्विदलाचा दोषही येथे नकळत घडतो. सकाळी ज्या भांड्यात हरभऱ्याच्या डाळीची चटणी वाटली, त्याच भांड्यात घाईने विसळून दुपारी ताक घुसळले, तर पात्याखाली राहिलेल्या डाळीच्या अंशाचा कच्च्या ताकाशी संयोग होतो. तिन्ही भांड्यांची कामे कायमची वाटून देणे हा यावरचा सोपा उपाय. मोठे भांडे दही-ताकासाठी राखावे आणि डाळीचे सारे वाटण मधल्या भांड्यात करावे. ज्या एकत्र कुटुंबात सर्वजण कांदा-लसूण टाळीत नाहीत, तेथे एक जादा भांडे विकत घेऊन व्रती माणसांसाठी वेगळे ठेवता येते. एका कंपनीचे भांडे दुसरीच्या मिक्सरवर सहसा बसत नाही. म्हणून सुटे भांडे गावातल्या दुकानी मिळते का आणि त्याची किंमत काय, हे मिक्सर घेण्यापूर्वीच विचारावे. मुनी-आर्यिकांच्या आहाराचा चौका लागतो त्या घरी मात्र हातजात्याचे पीठ आणि खलबत्त्यातला मसाला हीच रीत अनेक ठिकाणी आजही चालते. तेथे मिक्सरचा प्रश्नच उद्भवत नाही.

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे असते. नोकरीहून परतणाऱ्या सुनेला हिवाळ्यात सहाच्या आत पाने वाढायची, तर तिच्या हाताशी जेमतेम अर्धा-पाऊण तास उरतो. त्या वेळी मिक्सर तापून बंद पडला, तर त्या दिवशी भाजी वाटणावाचूनच करावी लागते. बहुतेक मिक्सर सलग चालण्यासाठी बनविलेलेच नसतात. काही मिनिटे चालवून तितकाच विसावा द्यावा, असे त्यांच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. भार अधिक झाला की बुडाचे लाल बटण उडते आणि मोटार थांबते. हे बटण असलेलाच मिक्सर घ्यावा आणि ते कोठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवावे. थोडे थांबून ते आत दाबले की यंत्र पुन्हा सुरू होते. कित्येक मिक्सर एवढ्या अज्ञानापायी दुरुस्तीला गेले आहेत. शेंगदाण्याचे कूट करताना तर सलग फिरविणे टाळावेच. तेल सुटून गोळा होतो. मळसूत्रासारखे बटण उलट बाजूला क्षणभर वळवून सोडावे, असे चार-पाच वेळा केले की कूट मोकळे निघते.

खरेदीच्या वेळी आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा परवाना क्रमांक पाहावा. घरगुती मिक्सरसाठी भारतीय मानक आयएस ४२५० हे आहे. परवाना क्रमांक खरा की खोटा, ते ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पडताळता येते. दोन पायांच्या पिनचा, नाव नसलेला मिक्सर कितीही स्वस्त असो, घेऊ नये. धातूचे भांडे ओल्या हाताने धरायचे असते, तेव्हा तिसऱ्या पिनेतून जमिनीला जाणारी तार ही जिवाची राखण आहे. हमीपत्रात मोटारीची मुदत मोठ्या अक्षरांत आणि भांडी, पाती, कपलर यांची लहान अक्षरांत असते. लहान अक्षरे आधी वाचावीत. मोटारीचे वायंडिंग तांब्याचे आहे का, हे विचारून बिलावर लिहून घेता आले तर फार बरे. आणि दुरुस्तीचे अधिकृत केंद्र तालुक्याच्या गावी नसेल, तर पाच वर्षांची हमीही सांगली-कोल्हापूरच्या एका फेरीत थकून जाते.

नवा मिक्सर घेण्यापूर्वी जुन्याकडे एकदा नीट पाहणे मात्र राहून जाते. मोटार मधूनच थांबते, आतून ठिणग्या दिसतात, तर पुष्कळदा कार्बनचे ब्रश झिजलेले असतात. भांड्याखालून काळे तेलकट पाणी गळते, तर बुश खराब झालेला असतो. मोटार फिरते पण पाते फिरत नाही, तर कपलर गेलेला. ही तिन्ही कामे कोणताही जाणता कारागीर तासाभरात आणि अल्प खर्चात करून देतो. जळका वास येऊन मोटार मुळीच फिरेनाशी झाली असेल, तर नव्या वायंडिंगचा खर्च आधी विचारावा. तो नव्या मिक्सरच्या निम्म्या किमतीपलीकडे जात असेल, तरच दुकानाची पायरी चढावी. आणि जुनी भांडी शाबूत असतील तर ती मोडीत देण्यापूर्वी त्याच बनावटीचा मिक्सर वापरणाऱ्या एखाद्या घरी विचारून पाहावे.